नाशिकमधून श्वेत बटूचे क्ष-किरण अभ्यासायचे कसे: दुर्बिणीपासून वर्णपटापर्यंत

श्वेत बटूवर, म्हणजे इंधन संपून आक्रसलेल्या ताऱ्याच्या दाट गाभ्यावर, जोडीदार ताऱ्याचा वायू कोसळताना जे क्ष-किरण निघतात ते जमिनीपर्यंत येत नाहीत. वातावरण त्यांना वरच्यावर शोषून घेते. त्यामुळे अंजनेरीच्या पायथ्याशी कितीही मोठी दुर्बीण लावली तरी ते टिपता येणार नाहीत. ते काम उपग्रहांचे, आणि त्यांची जुनी निरीक्षणे बहुतांश मोफत मिळतात. मात्र ती निरीक्षणे वाचायला एक गोष्ट आधी ठाऊक असावी लागते: त्या दिवशी तारा शांत होता की उद्रेकात (एकाएकी अनेकपट उजळलेला)? हे दृश्य प्रकाशात कळते आणि ते नाशिकहून उत्तम मोजता येते. हा क्रम उलटा केला, म्हणजे ताऱ्याची अवस्था न पाहता वर्णपटाला मॉडेल बसवले, तर आकडे सुबक येतात आणि अर्थ चुकतो. पुढचा सगळा लेख या क्रमाने आहे.

आधी कागदावर: किती तापमान अपेक्षित आहे?

०.८ सूर्यवस्तुमानाचा श्वेत बटू घ्या. त्याची त्रिज्या सुमारे ७,००० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीपेक्षा जराशी जास्त. त्याच्या पृष्ठभागावर दुरून येऊन पडणारा वायू सेकंदाला साडेपाच हजार किलोमीटर वेगाने आदळतो. एका ग्रॅममागे सुमारे १.५ गुणिले १०चा १७वा घात अर्ग इतकी ऊर्जा मोकळी होते. (तोच ग्रॅमभर हायड्रोजन अणुसंमीलनात जळाला तर याच्या चाळीसपट ऊर्जा देतो. साठलेला थर एकदम पेटला की नोव्हा होतो, तो यामुळेच.)

ही ऊर्जा कोणत्या वाटेने बाहेर पडते, ते श्वेत बटूच्या चुंबकीय क्षेत्रावर ठरते. क्षेत्र दुबळे असेल तर वायूची चकती थेट पृष्ठभागाला टेकते. आत सरकताना निम्मी ऊर्जा चकतीतच खर्च होते. उरलेली निम्मी, चकती जिथे ताऱ्याला घासते त्या अरुंद सीमास्तरात निघते. तिथले कमाल तापमान वरच्या आकड्यांनी सुमारे १८ केईव्ही (किलो-इलेक्ट्रॉन व्होल्ट, इथे तापमान ऊर्जेच्या या एककात दिले आहे) येते. क्षेत्र प्रबळ असेल तर वायू क्षेत्ररेषांवरून ध्रुवाकडे सरळ खाली येतो, पृष्ठभागाच्या जरा वर आघाततरंग तयार होतो आणि तापमान दुप्पट, सुमारे ३६ केईव्हीपर्यंत जाते. सूत्र सोपे आहे: आघाताचे तापमान = ३/८ गुणिले गुरुत्वस्थिरांक गुणिले ताऱ्याचे वस्तुमान गुणिले कणाचे सरासरी वस्तुमान, भागिले त्रिज्या. कणाचे सरासरी वस्तुमान हायड्रोजन अणूच्या ०.६१५ पट धरा.

हा हिशेब पाठ असू द्या. मॉडेलने ८० केईव्ही सांगितले तर एक तर श्वेत बटू फार जड आहे, नाहीतर तुमचे बसवणे चुकले आहे. दहापैकी नऊ वेळा दुसरे कारण निघते, कारण १० केईव्हीपर्यंतच बघणाऱ्या उपकरणाला ४० आणि ८० यांतला फरक नीट दिसतच नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचे वळण. सीमास्तरात वायू विरळ असेल तर तो थंड होऊ शकत नाही, तापत राहतो आणि कठीण, म्हणजे जास्त ऊर्जेचे, क्ष-किरण देतो. वायूचा ओघ वाढला की स्तर दाट होतो, स्वतःचाच प्रकाश अडवतो आणि दोन-तीन लाख अंशांच्या कृष्णिकेसारखा (जिचा प्रकाश फक्त तापमानावर ठरतो अशा आदर्श वस्तूसारखा) चमकू लागतो. मग बहुतेक ऊर्जा अतिनील टोकाला जाते आणि कठीण क्ष-किरण घटतात. ही सीमा साधारण सेकंदाला १०चा १६वा घात ग्रॅम इथे आहे, म्हणजे वर्षाला १.६ गुणिले १०चा उणे १०वा घात सूर्यवस्तुमान. नाशिककरांच्या मापात सांगायचे तर दर सेकंदाला साठहून अधिक काठोकाठ भरलेली गंगापूर धरणे.

तारा कोणता घ्यावा

नाशिकचा अक्षांश २० अंश उत्तर. त्यामुळे क्ष-किरण अभ्यासात गाजलेला व्हीडब्ल्यू हायड्राय इथून कधीच उगवत नाही. त्याची क्रांती (आकाशातला अक्षांश) उणे ७१ अंश आहे. पुढचे तीन मात्र सोयीचे आहेत.

एसएस सिग्नाय हा हंस तारकासमूहातला, डेनेबच्या पूर्वेला सुमारे ११ अंशांवर. लुईसा वेल्स यांनी तो १८९६ मध्ये शोधला. शांत असताना १२वी प्रत (तेजाचे माप, आकडा लहान तितका तारा तेजस्वी), उद्रेकात ८वी. साधारण सात आठवड्यांनी उद्रेक होतो, कक्षाकाल ६.६ तास. ऑक्टोबरच्या मध्यास, पाऊस उघडल्यावर, तो रात्री पावणेनऊच्या सुमारास मध्यमंडलावर ६६ अंश उंचीला असतो. सुरुवात याच्यापासून करावी, कारण त्याच्यावर उपग्रहांची निरीक्षणेही भरपूर आहेत.

यू जेमिनोरम मिथुन राशीत, पुनर्वसूतल्या पोलक्सच्या दक्षिणेला सुमारे सहा अंशांवर आहे. त्याची क्रांती +२२ अंश, त्यामुळे नाशिकमध्ये तो जवळजवळ डोक्यावरून जातो. फेब्रुवारीच्या मध्यास रात्री पावणेअकराला तिथे असतो. कक्षाकाल सव्वाचार तास, शांत असताना १४व्या प्रतीच्या आसपास.

ईएक्स हायड्रे वासुकीत, क्रांती उणे २९ अंश, म्हणून दक्षिणेला जेमतेम ४१ अंश चढतो. हा चुंबकीय आहे: श्वेत बटू ६७.०३ मिनिटांत स्वतःभोवती फिरतो आणि जोडी ९८.२६ मिनिटांत एक फेरी करते. आवर्तन शोधायला शिकण्यासाठी याच्यासारखा तारा नाही, पण त्यात एक मोठा खड्डा आहे, त्याबद्दल शेवटी.

अवस्था ठरवा

क्ष-किरण निरीक्षणाची तारीख हातात आली की पहिल्यांदा अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्सच्या प्रकाशवक्रात (वेळेनुसार तेजाच्या आलेखात) त्या तारखेच्या आधीचे दहा आणि नंतरचे दहा दिवस पाहा. फक्त त्या दिवसाची प्रत पुरत नाही. एसएस सिग्नायच्या उद्रेकात दृश्य प्रकाश आधी वाढतो. कठीण क्ष-किरण त्यानंतर एक ते दीड दिवसाने उसळतात, काही तास चढतात आणि मग अतितीव्र अतिनील प्रकाश उजळतो तसे झपाट्याने कोसळतात. म्हणजे ९व्या प्रतीच्या ताऱ्याचे क्ष-किरण शांत काळापेक्षा कमीही असू शकतात आणि जास्तही. उद्रेक सुरू होऊन किती तास झाले यावर ते ठरते.

याला सार्वत्रिक नियम समजू नका. यू जेमिनोरमच्या उद्रेकात कठीण क्ष-किरण कमी होण्याऐवजी वाढतात. का, हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही आणि या ताऱ्यावर वेळ घालवण्याचे तेच मोठे कारण आहे.

प्रकाशवक्रात बऱ्याचदा नेमक्या हव्या त्या वेळी पोकळी दिसते. निरीक्षक मुख्यतः अमेरिका आणि युरोपात. भारतात रात्र असते तेव्हा अमेरिकेत दिवस असतो. चढत्या उद्रेकाचे सहा तास नाशिकहून भरले तर त्याला खरी किंमत आहे.

नाशिकहून मोजणी

२०० मिलिमीटरची परावर्ती दुर्बीण, विषुववृत्तीय माउंट, कृष्णधवल सीमॉस कॅमेरा आणि व्ही फिल्टर एवढ्यावर एसएस सिग्नायची शांत अवस्थाही व्यवस्थित मोजता येते. ३० ते ६० सेकंदांची छायाचित्रे घ्या. कोणत्याही पिक्सेलचे मूल्य संपृक्ततेच्या ७० टक्क्यांवर जाऊ देऊ नका. उद्रेकात तारा सोळा-सतरापट नव्हे तर जवळपास चाळीसपट उजळतो, त्यामुळे शांत काळात ठरवलेला अवधी उद्रेकात फसतो. त्या रात्री ५ ते १० सेकंदांवर या.

शहरातून व्ही फिल्टरने काम निभते, पण हरसूल, सुरगाणा किंवा त्र्यंबकच्या पलीकडे गेल्यास १४व्या प्रतीच्या ताऱ्यात फरक लगेच जाणवतो. गंगापूर धरणाच्या पाणलोटाजवळ ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दव फार पडते. मध्यरात्रीनंतर मापने हळूहळू मंद होत गेली तर तो तारा नव्हे, दुय्यम आरशावरचे दव असते. हीटर पट्टी सुरुवातीपासून चालू ठेवा. डिसेंबर-जानेवारीत निफाड भागात थंडीची लाट आली की द्राक्षबागांमध्ये शेकोट्या पेटवून धूर करतात. धूर सारखा पसरलेला असेल तर तुलना-तारा (शेजारचा, तेज न बदलणारा) आणि आपला तारा दोन्ही सारखेच मंद होतात आणि फरक टिकतो. तुकड्यातुकड्यांनी सरकत असेल तर मोजणी बिघडते. यासाठी एकाऐवजी दोन तुलना-तारे ठेवा. त्या दोघांतला फरक ०.०२ प्रतीपेक्षा जास्त डोलू लागला की तेवढा काळ टाकून द्या.

वेळ हा सगळ्यात जास्त चुकणारा भाग. संगणकाचे घड्याळ इंटरनेटशी दर तासाला जुळवा आणि फाइलमध्ये वेळ जागतिक प्रमाणवेळेतच नोंदवा. साडेपाच तासांची चूक झाली तर एसएस सिग्नायच्या कक्षेत ती फेरीच्या सहापैकी पाच भागांइतकी भरते आणि वक्र फक्त थोडासा सरकल्यासारखा भासतो, म्हणून ती लवकर सापडत नाही. त्यानंतर वेळ सूर्यमालेच्या गुरुत्वमध्याला नेऊन लावा. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असल्याने प्रकाश ८.३ मिनिटांपर्यंत लवकर किंवा उशिरा पोहोचतो.

क्ष-किरणांचे निरीक्षण मिळवणे

दोन सोयीचे स्रोत आहेत. पहिला आपला अ‍ॅस्ट्रोसॅट, २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेला. त्याची सॉफ्ट एक्स-रे टेलिस्कोप, म्हणजे एसएक्सटी, ०.३ ते ८ केईव्ही पाहते आणि लॅक्सपीसी ३ ते ८० केईव्ही. निरीक्षणे इस्रोच्या इंडियन स्पेस सायन्स डेटा सेंटरच्या पोर्टलवर नोंदणी करून उतरवता येतात. मदत कक्ष पुण्याच्या आयुकात आहे. दुसरा स्विफ्ट, २००४ पासूनचा, ज्याची एक्सआरटी ०.३ ते १० केईव्ही पाहते. नवशिक्यांनी स्विफ्टने सुरुवात करावी: फाइल लहान, प्रतिमा धारदार आणि छोट्या छोट्या भेटी अनेक.

प्रक्रियेसाठी नासाचे हेआसॉफ्ट हे पॅकेज लागते, त्यातच वर्णपटाचे एक्सस्पेक येते. उबुंटू असलेला ८ जीबी मेमरीचा लॅपटॉप आणि ५० जीबी मोकळी जागा पुरे. विंडोजवर असाल तर त्यातले लिनक्स उपतंत्र चालू करा. कॅलिब्रेशनच्या फाइल वेगळ्या घ्याव्या लागतात आणि त्यांचा मार्ग टर्मिनलमध्ये सांगावा लागतो. पहिल्याच दिवशी येणाऱ्या तक्रारींपैकी बहुतेक हा मार्ग न सांगितल्यामुळे असतात. (आज्ञांची नावे पुढे उच्चाराप्रमाणे दिली आहेत, टंकताना रोमन छोटी अक्षरे वापरा.)

स्विफ्ट: कुठून काय कापायचे

एक्सआरटीपाइपलाइन चालवली की स्वच्छ घटना-यादी (टिपलेल्या फोटॉनांची यादी) मिळते. एक्ससिलेक्टमध्ये ताऱ्याभोवती २० पिक्सेल त्रिज्येचे वर्तुळ घ्या, म्हणजे सुमारे ४७ कंससेकंद. पार्श्वभूमीसाठी त्याच चित्रात, दुसरा स्रोत नसलेल्या जागी, निदान तिप्पट त्रिज्येचे वर्तुळ.

फोटॉन-मोजणी पद्धतीत सेकंदाला ०.५ ते ०.६ पेक्षा जास्त घटना येत असतील तर दोन फोटॉन एकाच वेळी एकाच जागी पडून एक मोठा फोटॉन म्हणून नोंदले जातात. परिणाम असा की वर्णपट खोटाच कठीण होतो आणि तुम्ही श्वेत बटूला जड ठरवता. उपाय: मध्यभाग कापून कड्याच्या आकाराचे क्षेत्र घ्या. किती पिक्सेल कापायचे ते डोळ्यांनी ठरवू नका. कड्याबाहेरच्या तेजाला किंग वक्र (ठिपक्याचे तेज मध्यापासून कसे उतरते त्याचा वक्र) बसवा आणि तो आत जिथे मोजलेल्या तेजापासून सुटतो तिथपर्यंत कापा. नंतर एआरएफ (उपकरणाच्या संवेदनशीलतेची) फाइल बनवताना बिंदूप्रसाराची (ताऱ्याचा ठिपका पसरण्याची) दुरुस्ती चालू ठेवा, नाहीतर तेज कमी येईल.

उद्रेकातल्या ताऱ्यासाठी आणखी एक सापळा आहे. ८व्या-९व्या प्रतीचा दृश्य प्रकाशही डिटेक्टरमध्ये भार टाकतो आणि कमी ऊर्जेच्या खोट्या घटना उभ्या करतो. नेमक्या ज्या वेळी मऊ क्ष-किरण खरोखरच अपेक्षित असतात त्याच वेळी हे घडते! (मऊ म्हणजे कमी ऊर्जेचे.) ०.५ केईव्हीखाली अचानक उसळी दिसली तर वर्णपट ०.३ ऐवजी ०.६ केईव्हीपासून बसवून पाहा. कठीण भागाचे आकडे बदलले नाहीत तर निदान तेवढा भाग विश्वासाचा.

अ‍ॅस्ट्रोसॅट: वेगळे काय

एसएक्सटीचा बिंदू पसरट आहे, म्हणून क्षेत्र १५ कंसमिनिटे त्रिज्येचे घेतात. मग त्याच चित्रात पार्श्वभूमीला जागाच उरत नाही. उपकरण गटाने दिलेली कोऱ्या आकाशाची फाइल वापरा. एवढ्या मोठ्या वर्तुळात शेजारचा दुसरा क्ष-किरण स्रोत येऊ शकतो. आधी स्विफ्टच्या चित्रात डोकावून खात्री करा. बसवताना गेन-फिटमध्ये (ऊर्जामापनाच्या दुरुस्तीत) उतार १ वर गोठवून फक्त ऑफसेट मोकळा ठेवा. तो साधारण ०.०२ ते ०.०३ केईव्ही येतो. फारच वेगळा आला तर लोखंडाच्या रेषांच्या जागेवर विसंबू नका.

मॉडेल बसवणे

इथे घाई करू नका. घटना भरपूर असतील तर प्रत्येक खणात (ऊर्जेच्या छोट्या भागात) किमान २० घटना येतील असे गट करा आणि काय-वर्ग (मॉडेल किती जुळते त्याचे माप) वापरा. एकूण शे-दोनशेच घटना असतील तर खणात एक घटना चालेल, पण मग सी-स्टॅट (कमी घटनांसाठीचे तसेच माप) निवडा, आणि एका तापमानापलीकडे काही विचारू नका. त्या वर्णपटात तेवढीच माहिती असते.

पहिली पायरी: टीबीअ‍ॅब्स (शोषण) गुणिले एपेक (एकाच तापमानाचा तापलेला वायू). आंतरतारकीय शोषणाचा स्तंभ ०.०१ वरून सुरू करा. एकक १०चा २२वा घात प्रति चौरस सेंटिमीटर आहे. या जवळच्या ताऱ्यांसाठी तो लहानच असतो. मूलद्रव्यांची प्रमाणे विल्म्स संचात बदलून घ्या. मग ६ ते ७ केईव्हीतल्या उरलेल्या फरकाकडे पाहा. तिथे तीन रेषा असतात: ६.७ आणि ६.९७ केईव्हीच्या रेषा तापलेल्या वायूतल्या लोखंडाच्या, तर ६.४ ची रेषा श्वेत बटूच्या पृष्ठभागावरून किंवा चकतीवरून परावर्तित झालेल्या थंड लोखंडाची. एकाच तापमानाचे मॉडेल ६.७ आणि ६.९७ यांचे गुणोत्तर क्वचितच जुळवते, कारण वायू ज्या तापमानाला आदळतो तिथून पृष्ठभागापर्यंत थंड होत जातो. खरे मॉडेल थंड होणाऱ्या प्रवाहाचे, म्हणजे एमकेसीफ्लो.

एमकेसीफ्लोमध्ये किमान तापमान ०.०८०८ केईव्हीवर गोठवा आणि कमाल मोकळे ठेवा. रेडशिफ्ट (वर्णरेषा लाल बाजूला सरकण्याचे माप) शून्य ठेवली तर मॉडेल अर्थहीन होते, कारण ते तिच्यावरूनच अंतर काढते. म्हणून खोटी पण अंतराशी जुळणारी रेडशिफ्ट द्या: हबल स्थिरांक ७० गुणिले मेगापार्सेकमधले अंतर, भागिले प्रकाशवेग. एसएस सिग्नाय ११४ पार्सेकवर (एक पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षे) आहे, तर २.६६ गुणिले १०चा उणे ८वा घात. हे केले की नॉर्म (मॉडेलचा गुणक) थेट वर्षाला किती सूर्यवस्तुमान ते सांगतो. ६.४ केईव्हीसाठी अरुंद गॉसियन वेगळा जोडा.

चुंबकीय ताऱ्यात शोषण साधे नसते. खाली येणारा वायूच स्रोताचा काही भाग झाकतो. टीबीअ‍ॅब्स एकटे ठेवले तर तापमान अवास्तव चढते. पीसीएफअ‍ॅब्स (अंशतः झाकणारे शोषण) जोडा आणि झाकलेला अंश ०.५ पासून सुरू करा.

मऊ भागात कृष्णिका जोडायचा मोह होतो. १० ते ३० इलेक्ट्रॉन व्होल्टच्या कृष्णिकेचे फक्त शेपूट आपल्या पट्ट्यात येते, त्यामुळे शोषणस्तंभ जरा वाढला की तेज शेकडो पटींनी फुगते. येणारे तेज एक सूर्यवस्तुमानासाठीच्या एडिंग्टन मर्यादेशी (जिथे प्रकाशाचा दाब गुरुत्वाला तोलतो त्या तेजाशी), १.३ गुणिले १०चा ३८वा घात अर्ग प्रति सेकंद, ताडून पाहा. ती ओलांडली तर तो घटक काढून टाका.

तेज आणि ओघ

समजा एसएस सिग्नायचा शोषण-दुरुस्त प्रवाह १०चा उणे १०वा घात अर्ग प्रति चौरस सेंटिमीटर प्रति सेकंद आला. ११४ पार्सेकसाठी ४π गुणिले अंतराचा वर्ग १.५६ गुणिले १०चा ४२वा घात चौरस सेंटिमीटर, म्हणून तेज १.५६ गुणिले १०चा ३२वा घात. सीमास्तर निम्मीच ऊर्जा देतो, म्हणून दुप्पट करून एका ग्रॅमच्या ऊर्जेने भागा: सेकंदाला सुमारे २ गुणिले १०चा १५वा घात ग्रॅम. हे वरच्या सीमेच्या पाचव्या भागाइतके, म्हणजे शांत अवस्थेत कठीण क्ष-किरण दिसणे सुसंगत. पट्ट्याबाहेरचे तेज यात धरलेले नाही, त्यामुळे ही किमान मर्यादा समजा.

अंतर किती महत्त्वाचे ते याच ताऱ्याने शिकवले. आधी ते १६६ पार्सेक मानले जात होते. मग तेज दुपटीहून जास्त येई आणि चकती अस्थिर होऊन उद्रेक होतात हा सिद्धान्तच अडचणीत येई. २०१३ मध्ये रेडिओ मापनाने ११४ पार्सेक दिले आणि गाठ सुटली. म्हणून अंतर नेहमी गाया या उपग्रहाने मोजलेले वापरा.

आवर्तन, आणि ईएक्स हायड्रेचा खड्डा

प्रकाशवक्र ६७.०३ मिनिटांवर दुमडा, म्हणजे सगळ्या फेऱ्या एकावर एक ठेवा, आणि २० खण करा. मऊ पट्टा, समजा २ केईव्हीखालचा, आणि त्यावरचा पट्टा वेगवेगळे दुमडा. मऊ पट्ट्यातली चढउतार जास्त असते, कारण शोषण कमी ऊर्जेला अधिक बाधते. त्याआधी बॅरीकॉरने वेळ दुरुस्त करा. उपग्रहाचे शून्य विसरू नका: स्विफ्टची घड्याळे १ जानेवारी २००१ पासून मोजतात, अ‍ॅस्ट्रोसॅटची १ जानेवारी २०१० पासून. दोन वेगळ्या वर्षांची निरीक्षणे जोडताना दोन दशांशांचा काल पुरत नाही; ०.००५ मिनिटांची चूक दहा वर्षांत ७८ हजार फेऱ्यांमध्ये साडेसहा तासांची होते. प्रकाशित सूत्रातला पूर्ण आकडा घ्या.

कक्षाकालावर दुमडताना मात्र खरी अडचण येते. अ‍ॅस्ट्रोसॅट ६५० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीची फेरी साधारण ९८ मिनिटांत करतो, आणि ईएक्स हायड्रेची जोडीही ९८.२६ मिनिटांत. दर फेरीत पृथ्वी ताऱ्याला झाकते तेव्हा जोडीच्या कक्षेचा जवळजवळ तोच भाग झाकला जातो. फरक अर्ध्या मिनिटाच्या आसपास असल्याने सगळे भाग दिसायला दहा-बारा दिवस लागतात. एक-दोन दिवसांच्या निरीक्षणात कक्षेचा सखोल खड्डा दिसला तर तो ताऱ्याचा आहे की उपग्रहाच्या पोकळीचा, हे फक्त दुमडलेल्या वक्रावरून सांगता येत नाही. प्रत्येक खणात किती सेकंद खरोखर निरीक्षण झाले त्याचा आलेख त्याच्याखाली काढा. दोन्ही आलेख एकसारखे दिसत असतील तर तो खड्डा सोडून द्या आणि कक्षेसाठी एक्सएमएम-न्यूटनचे सलग निरीक्षण शोधा. त्याची पृथ्वीभोवतीची फेरी सुमारे ४८ तासांची असते, त्यामुळे एकाच बैठकीत जोडीच्या अनेक फेऱ्या खंडाशिवाय मिळतात आणि तिचे छोटे आंशिक ग्रहण स्वच्छ दिसते.